मृगाआधीचा ताण

बागेत एखादं झाड वाळलं की ते मुळासकट काढून त्याच जागी नवं रोप लावतात, त्याला नांगी भरणं म्हणतात. मी सोलापुरात वाढलेली. आमच्या गॅलरीत कुंडीतला मोगराही कधी धड जगला नाही, तेव्हा हा शब्द मला लग्नानंतर सासऱ्यांकडून कळला. मेंदूच्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये तो पुन्हा कानावर पडेल, असं मात्र स्वप्नातही वाटलं नव्हतं.

सासऱ्यांना मी मामा म्हणते, आमच्याकडं तशीच रीत आहे. माढ्याकडच्या एका गावात त्यांची डाळिंबाची बाग. सगळं आयुष्य त्या बागेत गेलं. आसपासच्या गावांतली माणसं बहार धरायच्या आधी त्यांना गाडीवर बसवून न्यायची, कारण झाडाला ताण किती द्यायचा हे त्यांना पान चुरगाळून कळायचं. ताण म्हणजे पाणी तोडणं. डाळिंबाला बारा महिने पाणी दिलं तर ते नुसतं पानांनी माजतं. मृगाच्या पावसावर फळ धरायचं असेल तर भर उन्हाळ्यात बागेचं पाणी बंद करतात, झाड सुकू देतात, पान पिवळं होऊन गळू देतात. बघणाऱ्याला वाटतं, गेली बाग. मग खत घालून पाणी सोडलं की नवी पालवी फुटते आणि अंगभर कळी लागते. मी हे एवढं सविस्तर सांगतेय, कारण त्याशिवाय पुढचं कुणाला कळायचं नाही. आम्हालाही कळलं नव्हतं.

सासूबाई गेल्या आणि वर्षभरात मामांचा उजवा हात थरथरायला लागला. मग पाय. पाय थरथरायचे नाहीत, ते जमिनीला चिकटायचे. पुढं जायचंय, अंग पुढं झुकलंय आणि पाय मात्र जागचे हलत नाहीत. असेच एकदा बांधावर चिकटले आणि तोंडावर पडले. तेव्हा बाग पुतण्याच्या हवाली केली आणि आम्ही त्यांना इकडं आणलं, जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी. नवऱ्याची नोकरी पुण्यात, तो शनिवारी येणार आणि रविवारी जाणार. बाकीचे दिवस घरात मी आणि मामा. मी शाळेत शिकवते, सकाळची शाळा करून दुपारी घरी.

डॉक्टरांनी पार्किन्सन्स असं नाव सांगितलं, तेव्हा मामा म्हणाले, "इंग्रजी नाव हाय म्हंजे ह्यो रोग आपल्यात नवा दिसतोय." डॉक्टर म्हणाले, नाही हो आजोबा, जुनाच आहे, आपल्याकडं कंपवात म्हणतात. "मग कंपवात म्हना की सरळ. उगं भ्या दाखवता."

असा आमचा म्हातारा. एकाला दोन ऐकवणारा. मीही काही कमी नाही. पोरांवर ओरडून ओरडून माझा सूरच तसा झालाय. त्यांची बटणं मी लावायची, नखं मी कापायची आणि त्यांनी वर मला म्हणायचं, "हळू की, बोट कापून लोणचं घालायचं हाय का?" सुनेनं सासऱ्याची बटणं लावायची म्हणजे दोघांनाही मेल्याहून मेल्यासारखं होतं. ते तोंड फिरवायचे, मीही दुसरीकडं बघायचे, आणि त्या अवघडलेपणातून सुटायला आम्ही भांडायचो. भांडलं की बटण पटकन लागायचं.

गोळीचं सगळं गणित घड्याळावर. पिवळी गोळी घेतली की थोड्या वेळानं अंग सैल व्हायचं, बोलणं मोकळं व्हायचं, मामा स्वतः उठून बेसिनपर्यंत जायचे. गोळी उतरली की पुन्हा लाकूड. बोलणं तोंडातल्या तोंडात, चेहरा कोरा. हसले तरी कळायचं नाही आणि रागावले तरी कळायचं नाही. एवढा तोंडाळ माणूस, आणि तोंडावर काहीच दिसत नाही. मला त्या चेहऱ्याची सवय कधीच झाली नाही.

मग एका शनिवारी नवऱ्यानं मोबाइलवर कुठंतरी वाचलं की पार्किन्सन्सवर आता नव्या पेशी घालतात. सोमवारी तपासणी होतीच. तो मुद्दाम एक दिवस राहिला आणि डॉक्टरांना त्यानं विचारलं.

डॉक्टर अक्कलकोटकडचे, तरुण. मराठी बोलता बोलता त्यांचा कानडी हेल लागायचा. माणूस चांगला, पेशंटला समोर बसवून नातेवाइकांशी बोलणाऱ्यांतला नव्हे. त्यांनी खुर्ची मामांकडं वळवली. मेंदूत खोलवर एका छोट्या जागेत काही पेशी असतात, म्हणाले, त्या एक रस तयार करतात, त्या रसावर आपलं चालणं, हात हलवणं चालतं. तुमच्यात त्या पेशी मरत चालल्यात. गोळी देतो म्हणजे तो रस आपण बाहेरून पुरवतो. आता काही देशांत नव्या पेशी लॅबमध्ये वाढवून मेंदूत त्याच जागी सोडून बघतायत. त्या रुजल्या तर रस आतूनच तयार होईल.

मामांची गोळी उतरत आली होती. ते दगडासारखे बसले होते. मला वाटलं, त्यांच्यापर्यंत काही पोचलंच नाही. आणि एकदम म्हणाले, "म्हंजे नांगी भरत्यात."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी नांगी म्हणजे काय ते सांगितलं. डॉक्टरांना एवढा आनंद झाला की काय सांगू! "अगदी बरोबर, आजोबा! याच्याहून चांगलं मलाही सांगता आलं नसतं."

मग त्यांनी पुढचंही सांगितलं, तेही नीट सांगितलं, उगाच त्यांना बोल कशाला लावू. हे अजून चाचणीतच आहे. मोजक्या लोकांवर केलंय. कुणाला फरक पडला, कुणाला नाही, आणि पडलेला किती वर्षं टिकेल ते अजून कुणी सांगू शकत नाही. त्यातही ज्यांना गोळी चांगली लागू पडते, जे आपल्या पायांवर चालतात, अशांनाच घेतात. आपल्याकडं अजून ते मिळत नाही. आणि कुणी जाहिरात करून पेशी टोचतो म्हणालं तर त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नका.

एवढं सगळं सांगितलं. मामांनी त्यातली नांगी तेवढी उचलली.

रिक्षात बसल्यावर मला विचारतात, "रोपं कसली वापरत्यात? फांदीला बांधून केल्याल्या गुटीची का टिश्यूची?"

"टिश्यूचीच म्हणायची मामा. लॅबमध्ये वाढवतात म्हणजे."

"मग बरं. टिश्यूच्या रोपात रोग येत न्हाय." थोड्या वेळानं पुन्हा, "पर नांगी येळेत भराय लागती. मागनं लावल्यालं रोप मोठ्या झाडाच्या सावलीत बसतंय."

मला हसू आलं. त्या वेळी हसू आलं, हेही लिहून ठेवते.

त्यानंतर मामा वेगळेच झाले. आधी व्यायाम म्हटलं की अंगावर काटा. आता सकाळी स्वतः होऊन खुर्ची धरून उठबस करायचे. पाय चिकटतात त्यावर डॉक्टरांनी एक युक्ती सांगितली होती: जमिनीवर आडव्या रेघा मारा, रेघ ओलांडायची म्हटलं की पाय उचलतो. मी हॉलभर पांढऱ्या टेपच्या पट्ट्या चिकटवल्या. मामा त्यांना सऱ्या म्हणायचे. एकेक सरी ओलांडत ते खिडकीपर्यंत जायचे, तिथं उभं राहून बाहेर बघायचे आणि परत यायचे. फोनवर पुतण्याला सांगायचे, "यंदा माजी नांगी भरणार हाईत. मग येतो बागंत. तवर त्या खालच्या पट्टीला हात लावू नगंस." तो बिचारा 'व्हय व्हय' म्हणायचा.

मला ही आशा बघवायची नाही. आशा असली की माणूस बरा दिसतो, चार घास जास्त खातो, सगळं खरं. पण मी त्या केबिनमध्ये होते, मी कान उघडे ठेवून ऐकलं होतं. मी मामांना स्पष्ट सांगायचे, मामा, आपल्याकडं अजून नाही ते, वर्षं जातील. ते म्हणायचे, "तुला काय कळतंय? तू मराठीची मास्तरीण." यावर काय बोलणार, कपाळ!

आणि त्यात आमच्या ह्यांनी घोळ घातला. एका शनिवारी जेवताना मामांनी विचारलं, "कवा जायचं रं?" नवरा ताटातून मान वर न करता म्हणाला, "मृग निघाला की जाऊ की अण्णा पुण्याला. मोठे डॉक्टर आहेत तिथं. नाव घालून येऊ."

स्वयंपाकघरात मी नवऱ्याला गाठलं. "अहो, कशाला खोटं बोलता? कुठलं नाव घालणार आहात?"

"अगं, तेवढंच बरं वाटतं त्यांना. माणूस आशेवर जगतो."

"आशेवर नाही, गोळीवर जगतात ते. आणि तुम्ही रविवारी जाता निघून. रोज 'मृगाला किती दिस हाईत' म्हणून मला विचारतात, तुम्हाला नाही." नवरा 'बरं' म्हणाला. भांडणात त्याचा काही उपयोग नाही, तो 'बरं' म्हणतो आणि संपतं. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय.

मला वाटलं होतं, मृग येईल, जाईल, मग पुढची थाप मारता येईल. फार तर मामा रुसतील. याच्यापलीकडं माझी अक्कल गेली नाही, आणि कुणाची जाईल? मामांच्या डोक्यात मात्र त्या एका शब्दानं सगळं पंचांग लागलं होतं. मृगाला नांगी भरायची, म्हणजे उन्हाळ्यात काय करायचं ते त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

उन्हाळा लागला. शाळेला सुट्टी पडली. सोलापूरचा उन्हाळा काय वर्णायचा. सकाळीच भिंतीला हात लावला तर भाजतो. फॅन गरम हवा फेकतो आणि माणसं दिवसभर माठाभोवती. अशात मामांनी पाणी कमी केलं. तांब्या पुढं केला की दोन घोट घेऊन परत. मी चिडायचे. "मामा, प्या की. ऊन बघा केवढंय."

"तहान न्हाय."

"तहान नसायला काय झालं? तुम्ही काय उंट आहात का?"

"तूच पी की मग, तुला लई कळवळा आलाय तर."

मला वाटलं, बाथरूमला उठायचा त्रास म्हणून पीत नाहीत. म्हातारी माणसं करतात असं. मी ताक केलं, पन्हं केलं, कलिंगड चिरून ठेवलं. अर्धं ताटात राहायचं. आणि हळूहळू ते आखडत चालले. खिडकीपर्यंतच्या सऱ्या ओलांडेनात. बोलणं खाली गेलं. मला वाटलं, रोग वाढला. रोग वाढतोच, डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. मी डॉक्टरांची पुढची वेळ घेऊन ठेवली आणि घड्याळ लावून गोळ्या देत राहिले.

देत राहिले म्हणजे हातावर ठेवत राहिले. आमच्याकडं सासऱ्याच्या तोंडाकडं बघत सून उभी राहत नाही. त्यात मामांच्या हातातलं पाणी सांडायचं, हनुवटीवरून ओघळायचं, आणि ते कुणी बघितलेलं त्यांना खपायचं नाही. "माजं मी घेतो. मी काय पाळन्यातलं पोर हाय का?" म्हणून गोळी तळहातावर ठेवायची, पेला बाजूला ठेवायचा आणि पाठ फिरवायची. मान राखायची ती रीत. एवढ्या वर्षांत ती कधी मोडली नाही.

मग ताप आला. अंग तव्यासारखं, आणि ताठ. हात वाकवायचा म्हटलं तर वाकेना, जबडा मिटलेला. शेजारच्या बाईंनी बघितल्या बघितल्या सांगितलं, ऊन लागलंय. मलाही तेच वाटलं, सोलापुरात मे महिन्यात दुसरं काय वाटणार? कांदा किसून तळपायाला चोळला, ओल्या चादरीत गुंडाळलं, चमच्यानं साखरपाणी घातलं. ते ओठांच्या कडेनं बाहेर आलं. डोळे उघडे होते, पण ते माझ्याकडं बघत नव्हते. तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं. रिक्षात त्यांना आडवं घालता येईना एवढे ताठ झाले होते. अँब्युलन्स बोलावली.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गोळ्या बंद केल्या होत्या का?"

मला असा राग आला! "बंद? डॉक्टर, मी स्वतःच्या हातानं देते. एक वेळ चुकवलेली नाही."

"एकदम बंद केल्या की असं होतं. अंग आखडतं, ताप चढतो, किडनीवर जातं. त्यात अंगात पाणी अजिबात नाहीये."

मी पुन्हा तेच सांगितलं. जवळजवळ भांडलेच. त्यांनी वाद घातला नाही. नाकातून नळी घालून गोळ्यांचं पाणी करून सोडायला लावलं, सलाइन लावलं, आणि आम्हाला बाहेर बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरी आंघोळीला आले. मामांच्या बंड्या धुवायला काढल्या. बंडीला आतून खिसा असतो, पूर्वी ते त्यात तंबाखूची पुडी ठेवायचे. खिशात हात घातला तर बोटांना भुगा लागला. पिवळा. दुसऱ्या बंडीच्या खिशात अख्ख्या गोळ्या, घामानं एकमेकींना चिकटलेल्या. मी मोरीत बसले आणि बसूनच राहिले. रडू आलं नाही. मला मामांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं.

पंधरवड्यानं नळी काढली आणि मामांचा आवाज आला, तेव्हा मी पहिलं तेच विचारलं. काय म्हणून केलंत असं? आवाज कसला, वारा होता नुसता. ओठांशी कान न्यावा लागला.

"ताण दिलता की," म्हणाले.

मला क्षणभर समजलंच नाही. मग ते तुकड्या तुकड्यानं बोलत गेले. गोळी म्हणजे वरून घातलेलं पाणी. वरच्या पाण्यावर जगणारं झाड नवी मुळी धरत नाही. आधी तोडायचं. जुनी पानं गळू द्यायची. झाड सुकलं पाहिजे, आतून तहानलं पाहिजे, मग नवी रोपं तगतात. मृगाला जायचं म्हणजे ताण आत्ताच द्यायचा. नांगी भरणं आणि बहारासाठी ताण देणं, दोन्ही त्यांनी एकत्र बांधलं होतं. "तुला सांगितलं आसतं तर तू दिला आसतास व्हय?"

"नसता दिला! काय झाड आहात का तुम्ही? हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलात! डॉक्टरांना तरी विचारायचं होतं!" मी वॉर्डात ओरडले. नर्स आली. मामा माझ्याकडं बघत राहिले, त्या कोऱ्या चेहऱ्यानं. त्यांना वाईट वाटलं की राग आला, मला आजही सांगता येणार नाही.

नवऱ्याला मी जिन्यात गाठून सगळं सांगितलं. मृगाचंही सांगितलं. तो पायरीवर बसला. या वेळी 'बरं' म्हणाला नाही. दोन्ही हातांत डोकं धरून बसला आणि म्हणाला, "मी आपलं बोललो गं." त्याच्यावर तोंड टाकायचं मी ठरवून आले होते. टाकलं नाही. काय टाकणार? बापाला बरं वाटावं म्हणून पोरगा बोलला, बरं व्हावं म्हणून बापानं पाणी तोडलं. यात शिव्या कुणाला द्यायच्या?

मामा वाचले. लोक म्हणतात, वाचले, देवाची कृपा. मी मान डोलावते. पण जे घरी आलं ते मामांमधलं थोडंसंच आलं. गोळी सुरू झाली, वाढवली, तरी पूर्वीसारखी चढेना. मांड्या सुकून गेल्या. उठून उभं राहणं गेलं, मग कूस बदलणंही. घास गिळताना ठसका लागतो म्हणून सगळं पातळ करून भरवायचं. आता मी तोंडाकडं बघत उभी राहते. गोळी जिभेवर ठेवते, पाणी पाजते, घशाची गाठ वर-खाली झाली का बघते, मग तोंड उघडायला लावते. रीतभात सगळी चुलीत गेली. हे आधी केलं असतं तर, असं नवरा एकदा म्हणाला, आणि माझ्याकडं बघून पाण्याचा तांब्या भरायला उठला.

आवाज तेवढा राहिलाय, तोही असा की मला सोडून कुणाला उमजत नाही. नवरा कान लावतो आणि माझ्याकडं बघतो. मी सांगते, पाणी मागतायत, पाय सरळ करायला सांगतायत, आज पुतण्याचा फोन आला का विचारतायत. घरात आता मामांचं बोलणं माझ्या तोंडून होतं.

श्रावणात तपासणीला नेलं, चाकाच्या खुर्चीतून. डॉक्टरांनी हात वाकवून बघितले, पापण्या बघितल्या, गोळ्यांच्या वेळा बदलून दिल्या. आम्ही उठणार, तेवढ्यात मामांची बोटं माझ्या पदराला लागली. मी वाकले.

"इचार," म्हणाले. "आता माजी नांगी भरत्यात का?"

मी सरळ झाले. डॉक्टर वाट बघत होते. काय म्हणतायत, त्यांनी विचारलं. दुसरं काहीही सांगता आलं असतं. पण हा माणूस ज्याच्यासाठी जिवावर उदार झाला तेवढं एक तरी त्याला खरं कळू दे, असं मला वाटलं. मी जसंच्या तसं सांगितलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. खुर्ची मामांकडं वळवली, पूर्वीसारखीच. "आजोबा," म्हणाले, "तुम्हाला फसवत नाही. ज्यांना गोळी चांगली लागू पडते, जे चालते-फिरते आहेत, त्यांच्यावरच अजून ते करून बघतायत. उद्या आपल्याकडं आलं, तरी तुमच्यासाठी ते आता जमणार नाही."

नवरा भिंतीवरच्या मेंदूच्या चित्राकडं बघत होता. मामांची मान हळूहळू हलत होती, पण ती तर नेहमीच हलते. मग त्यांचे ओठ हलले. मी पुन्हा वाकले.

"मग ही गोळी कशापायी देतीस?"

मी तशीच वाकून राहिले.

"काय म्हणतायत आजोबा?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "थँक्यू म्हणतायत."

डॉक्टर हसले. उठून आले, मामांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, वेळेवर गोळ्या घ्या, आजोबा. मामा माझ्याकडं बघत होते. मी त्यांचा पाय उचलून खुर्चीच्या फळीवर ठेवला, आणि आम्ही बाहेर आलो.